अवयववृक्ष: फांद्या कशाही फोडा, पान मात्र तपासा

अवयववृक्ष म्हणजे एखादी संख्या गुणाकाराने फोडत, तिच्याखाली फांद्या काढत मूळ संख्यांपर्यंत, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या संख्यांपर्यंत, उतरणं. खाली उरलेल्या त्या मूळ संख्या म्हणजे झाडाची पानं. ३६० ही संख्या घ्या. एक जण ती ३६ × १० अशी फोडतो, दुसरा १८ × २० अशी, तिसरा २ ने भागून १८० वर उतरतो आणि तिथून ९० वर. तिन्ही कागदांवरची झाडं एकमेकांशी अजिबात मिळत नाहीत. पण खाली उरलेली पानं मोजा: तीन वेळा २, दोन वेळा ३, एकदा ५. तिघांकडेही तीच.

आणखी एक गोष्ट सारखी असते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिघांनीही संख्या बरोबर पाच वेळा फोडलेली असते. सुरुवातीला कागदावर एकच संख्या असते आणि प्रत्येक फोडीत एकीच्या जागी दोन येतात, म्हणजे दर फोडीला एकूण संख्या एकाने वाढतात. शेवटी सहा पानं हवीत तर पाच फोडी लागणारच, झाड रुंद काढा नाहीतर एका बाजूला लोंबणारं काढा. तेव्हा 'कमीत कमी पायऱ्यांचं झाड' असं काही नसतं. कष्ट वाचतात ते प्रत्येक फोडीतला भागाकार सोपा निवडण्यात. आणि खरा वेळ जातो तो फोडण्यात नव्हे, तर खालची संख्या खरोखर मूळ आहे की अजून फुटते हे ठरवण्यात. बहुतेक चुकाही तिथेच होतात.

आधी फोडण्याबद्दल थोडक्यात. संख्येच्या शेवटी शून्यं असतील तर ती आधी तोडा. ८४००० म्हणजे ८४ × १०००. हजारात तीन २ आणि तीन ५ असतात, ते पाठच असलेले बरे. ८४ मध्ये २, २, ३, ७. झालं: पाच वेळा २, एकदा ३, तीनदा ५, एकदा ७. संख्या पाढ्यातली असेल, म्हणजे ५६, ७२, १०८ यांसारखी, तर पाढ्यातली जोडी लिहून मोकळं व्हावं. संख्या अनोळखी असेल तर मात्र हुशारी नको. २ पासून सुरुवात करा, २ ने भाग जातो तोवर काढत राहा, मग ३, मग ५, मग ७. या क्रमाचा एक फायदा आहे. डावीकडे निघणारा प्रत्येक विभाजक आपोआप मूळ असतो, तो वेगळा तपासावा लागत नाही. ४ ने भाग जातो का हे पाहण्याची वेळच येत नाही, कारण २ आधीच संपलेले असतात. तपासायची उरते ती फक्त उजवीकडची, शेवटची संख्या.

शाळेत जी 'उभी मांडणी' शिकवतात, म्हणजे डावीकडे विभाजक, उजवीकडे भागाकार आणि खाली खाली उतरत जाणं, ती याच क्रमाची. ते एका बाजूला वाढलेलं झाडच आहे. झाडाची खरी सोय अशी की मोठ्या संख्येला मधोमध फोडता येतं आणि दोन्ही तुकड्यांवर छोट्या आकड्यांत काम होतं.

एक झाड, सगळ्या पायऱ्यांसह

२७८४६ घेऊ. शेवटचा अंक ६, म्हणजे सम. अंकांची बेरीज २ + ७ + ८ + ४ + ६ = २७, म्हणजे ९ ने भाग जातो. २ आणि ९ यांच्यात सामाईक अवयव नाही, म्हणून १८ नेही जातो. एकदम १८ ने भागा:

२७८४६ = १८ × १५४७

१८ ची पानं २, ३, ३. ती वर्तुळात टाका आणि पुढच्या प्रत्येक ओळीत खाली उतरवत राहा (का, ते पुढे येईल). आता १५४७. विषम आहे. अंकांची बेरीज १७, म्हणून ३ नाही. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ नाही. ७ साठी संख्येचे सोयीचे तुकडे पाडा: १५४७ = १४०० + १४७. १४०० मध्ये ७ दोनशे वेळा, १४७ मध्ये एकवीस वेळा.

२७८४६ = २ × ३ × ३ × ७ × २२१

इथे पुष्कळ जण थांबतात. २२१ दिसायला मूळ वाटते. २ नाही, ३ नाही, ५ नाही, ७ ने २१७ येतात आणि ४ उरतात. ११ ची कसोटी, म्हणजे अंक आळीपाळीने अधिक-वजा करून ० किंवा ११ ची पट येते का पाहणं: २ − २ + १ = १, म्हणजे नाही. इथवर येऊन कंटाळा येतो आणि पेन खाली ठेवला जातो. अजून एक पाऊल टाका. १३ × १७ = २२१.

२७८४६ = २ × ३ × ३ × ७ × १३ × १७

सहा पानं, पाच फोडी. घातांकात लिहायचं तर फक्त ३ चा घातांक २, बाकी सगळ्यांचा १.

कुठे थांबायचं

२२१ च्या बाबतीत १३ पर्यंत जायलाच हवं होतं आणि १७ वेगळा तपासायची गरज नव्हती. हे आधीच कळतं. एखादी संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल तर दोन्ही अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणजे निदान एक अवयव वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतो. तो सापडला नाही तर संख्या मूळ. २२१ चं वर्गमूळ १५ च्या जरा अलीकडे, म्हणून १३ हा शेवटचा उमेदवार.

वर्गमूळ काढत बसायचं नसतं, मूळ संख्यांचे वर्ग लक्षात ठेवायचे: ४९, १२१, १६९, २८९, ३६१, ५२९, ८४१, ९६१, १३६९. संख्या १२१ पेक्षा लहान असेल तर २, ३, ५, ७ एवढेच तपासा. १६९ पेक्षा लहान असेल तर ११ पर्यंत, २८९ पेक्षा लहान असेल तर १३ पर्यंत, ३६१ पेक्षा लहान असेल तर १७ पर्यंत. हजाराच्या आतली कुठलीही संख्या ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी निकालात निघते.

यात एक चूक सर्रास होते: वर्गमूळ मूळच्या संख्येचं धरलं जातं. ७१४६ घ्या. तिचं वर्गमूळ ८४ च्या पुढे, म्हणजे ८३ पर्यंतच्या तेवीस मूळ संख्या तपासायच्या, असा अंदाज बांधून माणूस हताश होतो. पण २ आणि दोन ३ काढल्यावर उरतात ३९७, आणि मर्यादा आता ३९७ च्या वर्गमूळाची, जे २० च्याही आत आहे. ३९७ ला ७ ने भागल्यावर ५ उरतात, ११ ने १, १३ ने ७, १७ ने ६, १९ ने १७. संपलं, ३९७ मूळ आहे आणि ७१४६ = २ × ३ × ३ × ३९७. प्रत्येक फोडीनंतर मर्यादा नव्याने ठरवायची, ती झपाट्याने खाली येते.

मूळ असल्याचं सोंग घेणाऱ्या संख्या

२, ३, ५ यांच्या कसोट्या सगळ्यांना येतात, म्हणून फसवतात त्या या तिघांनाही दाद न देणाऱ्या संयुक्त, म्हणजे मूळ नसलेल्या, संख्या. १०० च्या आत अशा फक्त तीन आहेत: ४९, ७७, ९१. पहिल्या दोन पाढ्यात भेटतात, ९१ तेवढी लपून बसते (७ × १३). १०० ते २०० मध्ये सात: ११९, १२१, १३३, १४३, १६१, १६९, १८७. म्हणजे २०० पर्यंत एकूण दहा. ही दहा नावं पाठ केली तर २०० पर्यंत पान ओळखायला भागाकारच करावा लागत नाही: २, ३, ५ ने भाग जात नाही आणि या यादीत नाही, तर १ सोडून बाकी सगळ्या मूळ. ११९ = ७ × १७, १३३ = ७ × १९, १४३ = ११ × १३, १६१ = ७ × २३, १८७ = ११ × १७; उरलेल्या दोन म्हणजे ११ आणि १३ चे वर्ग. मूळ संख्यांची यादी पाठ करण्यापेक्षा ही यादी जास्त कामाची आहे असं माझं मत आहे. ती लहान आहे आणि नेमकी चुकीच्या जागेवर बोट ठेवते.

५१, ५७, ८७ या संख्यांनाही लोक फसतात, पण त्याला निमित्त नाही. अंकांची बेरीज केली की तिन्हींत ३ दिसतो. शेवटचा अंक १ किंवा ७ असला की संख्या 'मूळसारखी दिसते', एवढंच त्यामागचं कारण. याच्या उलट चूकही होते: २३ किंवा ४३ च्या शेवटी ३ आहे म्हणून ३ ने भाग जाईल असं वाटणं. शेवटच्या अंकावरून २, ५ आणि १० एवढ्यांचाच निकाल लागतो.

७, १३, १७ च्या कसोट्या आणि त्यातला खड्डा

७ ची कसोटी अशी: शेवटचा अंक सुटा करा, त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. उत्तराला ७ ने भाग गेला तर मूळच्या संख्येलाही जातो. ११८३ घेऊ. ११८ − ६ = ११२, आणि ११२ = ७ × १६. म्हणजे ११८३ ला भाग जातो.

हे का चालतं? संख्येचा शेवटचा अंक ब आणि आधीचा भाग अ मानला तर संख्या १०अ + ब. आपण काढलं अ − २ब. त्याला १० ने गुणा: १०अ − २०ब. हे मूळच्या संख्येपेक्षा बरोबर २१ब ने कमी, आणि २१ ला ७ ने भाग जातो. म्हणून दोन्हींचं भवितव्य एकच. याच धर्तीवर १३ साठी शेवटच्या अंकाची चौपट मिळवायची (फरक ३९ब चा), १७ साठी पाचपट वजा करायची (५१ब), १९ साठी दुप्पट मिळवायची (१९ब). २२१ वर १३ ची कसोटी लावून पाहा: २२ + ४ = २६. एका ओळीत निकाल.

खड्डा असा की कसोटी फक्त हो किंवा नाही सांगते, भागाकार सांगत नाही. ११८३ च्या खाली ७ आणि ११२ अशा फांद्या काढलेल्या वह्या सापडतात. ११२ हा भागाकार नाही, खरा भागाकार १६९ आहे आणि ११८३ = ७ × १३ × १३. कसोटी उतरली की संख्या पुन्हा मुळापासून भागायची.

दुसरा खड्डा कसोट्या जोडण्यात. २ आणि ३ ने भाग जातो म्हणून ६ ने जातो, हे बरोबर. ४ आणि ६ ने जातो म्हणून २४ ने जातो, हे चूक; ३६ पाहा. दोन विभाजक सहमूळ असतील, म्हणजे त्यांच्यात १ शिवाय सामाईक काही नसेल, तरच त्यांचा गुणाकार धरता येतो. वर १८ ने एकदम भागलं ते २ आणि ९ च्या जोरावर. ३ आणि ६ च्या जोरावर भागलं असतं तर ते चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर ठरलं असतं.

कागदावर नेमकं काय बिघडतं

सगळ्यात प्राथमिक चूक म्हणजे गुणाकाराऐवजी बेरजेने फोडणं, ७२ च्या खाली ७० आणि २ लिहिणं. ती लवकर सुटते. १ ची फांदी काढणंही तसंच: १३ च्या खाली १ आणि १३, त्या १३ च्या खाली पुन्हा १ आणि १३, झाड कधी संपणारच नाही. १ ला मूळ संख्यांत धरत नाहीत त्याचं कारणही हेच. धरलं असतं तर प्रत्येक संख्येला हवे तेवढे १ जोडता आले असते आणि 'एकच उत्तर' हे म्हणता आलं नसतं.

हरवलेलं पान ही जास्त चिवट चूक. ३६० ची ३६ आणि १०. मग १० ची २ आणि ५, ३६ ची ४ आणि ९. मग सगळ्यात खालच्या ओळीत ४ ची २, २ आणि ९ ची ३, ३. उत्तर लिहिताना नजर फक्त खालच्या ओळीवर जाते आणि २ × २ × ३ × ३ लिहिलं जातं. वरच्या ओळीत आधीच सुटलेले २ आणि ५ तिथेच राहिले. म्हणूनच सुटलेलं पान प्रत्येक ओळीत खाली उतरवायचं. तसं केलं की झाडाची कुठलीही आडवी ओळ गुणली तरी मूळची संख्याच येते आणि चूक कोणत्या ओळीत शिरली तेही कळतं.

घातांक लिहिताना २ चा तिसरा घात म्हणजे ६ धरणं, किंवा वेगवेगळ्या घातांच्या मध्ये अधिकचं चिन्ह टाकणं, हे झाडाचं नव्हे तर हिशेबाच्या घाईचं दुखणं. त्यावर जास्त बोलत नाही.

ज्या चुकीवर थांबायला हवं ती भागाकारातलं शून्य गिळण्याची. १४२८ ला ७ ने भागा. १४ मध्ये २ वेळा, मग २ खाली घेतले, त्यात ७ जात नाही, ८ खाली घेतले, २८ मध्ये ४ वेळा. घाईत उत्तर २४ लिहिलं जातं, खरं उत्तर २०४. आता पडताळा घेऊ. चुकीच्या झाडाची पानं ७, २, २, २, ३. गुणाकार १६८. पूर्ण गुणाकार करायचा आळस करून फक्त एकक स्थानचा अंक पाहिला तर? १६८ च्या शेवटी ८, १४२८ च्या शेवटीही ८. नवाची पडताळणी, म्हणजे अंकांच्या बेरजेची तुलना केली तर? १ + ६ + ८ = १५, आणि १ + ४ + २ + ८ = १५. दोन्ही जलद पडताळे चुकीच्या उत्तराला पास करतात! योगायोगाचा भाग फारसा नाही: २४ आणि २०४ यांच्या अंकांची बेरीज सारखीच असते आणि शेवटचा अंकही सारखाच, कारण हरवलं ते मधलं शून्य. ही चूक पकडतो फक्त अंदाज. १४०० भागिले ७ म्हणजे २००, मग उत्तर २४ कसं येईल? दर भागाकाराआधी एवढा अंदाज मनात करण्याला पर्याय नाही. खरं उत्तर २ × २ × ३ × ७ × १७.

नवाची पडताळणी आणखी एका ठिकाणी निरुपयोगी आहे: ज्या संख्येत दोन ३ आहेत तिथे. २७८४६ च्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यातली आणि झाडातही दोन ३ आहेत, मग बाकीची पानं काहीही लिहिली तरी पडताळा जुळतो.

आणि पूर्ण गुणाकार करून पडताळा घेतला तरी तो अर्धाच. २ × ३ × ३ × ७ × २२१ चा गुणाकारही २७८४६ च येतो. गुणाकार जुळला म्हणजे काही हरवलं नाही एवढंच ठरतं. प्रत्येक पान मूळ आहे का, ही तपासणी वेगळी आणि ती वर्गमूळापर्यंत जाऊनच होते.

अडलेल्या संख्येसाठी एक जुनी युक्ती

२०२१ फोडायला सांगितली तर लहानापासून जाणारा माणूस २, ३, ५ करत करत चौदाव्या मूळ संख्येला, ४३ ला, पोचतो तेव्हा कुठे भाग जातो. पिएर द फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत तिथे एका ओळीत काम करते. संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग घ्या: ४५ चा वर्ग २०२५. फरक ४, आणि तोही पूर्ण वर्ग. मग २०२१ = (४५ − २) × (४५ + २) = ४३ × ४७. फरक पूर्ण वर्ग नसेल तर पुढचा वर्ग घ्यायचा. १५१७ ला ३९ चा वर्ग १५२१, फरक ४, म्हणून ३७ × ४१.

ही युक्ती विषम संख्येवर वापरावी आणि दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच पटकन फळते. अवयव लांब असतील तर एकामागून एक वर्ग तपासत बसावं लागतं, त्यापेक्षा साधा भागाकार बरा. म्हणून आधी ७, ११, १३ पर्यंत भागून पाहावं, मग एक-दोन वर्ग तपासावेत, आणि नाहीच जमलं तर पुन्हा भागाकाराकडे.

तीन अंकी गट दोनदा आलेला दिसला, उदाहरणार्थ ४६२४६२, तर तो सरळ ४६२ × १००१ असतो. आणि १००१ = ७ × ११ × १३. हे एक समीकरण लक्षात असणं फार उपयोगी.

उत्तर एकच का येतं

हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याला सिद्धता लागते हेच पटत नाही. म्हणून असं जग कल्पून पाहा जिथे फक्त सम संख्या आहेत. २, ४, ६, ८, १०... बाकी काही नाही. तिथे दोन संख्यांचा गुणाकार नेहमी ४ च्या पटीत येणार. म्हणजे २, ६, १०, १४, ३० यांसारख्या, ४ ने भागल्यावर २ उरणाऱ्या संख्या तिथे फुटतच नाहीत. त्या जगातल्या त्या 'मूळ' संख्या. आता ६० चं झाड काढा. ६० = २ × ३०. दोन्ही पानं. ६० = ६ × १०. इथेही दोन्ही पानं. एकाच संख्येची दोन झाडं, पूर्ण वेगळ्या पानांची.

आपल्या नेहमीच्या संख्यांत असं होत नाही, कारण मूळ संख्येचा एक गुण: ती एखाद्या गुणाकाराला भाग घालत असेल तर गुणल्या जाणाऱ्या संख्यांपैकी निदान एकीला भाग घालतेच. सम जगात हाच गुण मोडतो. २ ने ६ × १० ला भाग जातो (६० = २ × ३०), पण ६ लाही जात नाही आणि १० लाही नाही, कारण ३ आणि ५ तिथे नाहीतच. आपल्याकडे संयुक्त संख्येत हा गुण नसतो: ६ ने ४ × ९ ला भाग जातो, पण ४ लाही नाही आणि ९ लाही नाही. मूळ संख्यांचा हा गुण इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने सिद्ध केला. अवयव एकाच प्रकारे पडतात हे विधान त्याच्या आजच्या रूपात सिद्धतेसह जर्मन गणितज्ञ गाऊसने १८०१ मध्ये मांडलं.

पानं हातात आल्यावर

५०४ = २ × २ × २ × ३ × ३ × ७ आणि ५४० = २ × २ × ३ × ३ × ३ × ५. दोन्हींत सामाईक पानं २, २, ३, ३, म्हणून मसावि ३६. प्रत्येक मूळ संख्या जिथे जास्त वेळा आली तिथून घ्या: तीन २, तीन ३, एक ५, एक ७, म्हणून लसावि ७५६०. पडताळा: ३६ × ७५६० आणि ५०४ × ५४० दोन्ही २७२१६०.

५०४ ला एकूण किती विभाजक? घातांक ३, २, १; प्रत्येकात एक मिळवून गुणा: ४ × ३ × २ = २४. ५०४ ला कशाने गुणलं तर पूर्ण वर्ग होईल? एकटी पडलेली पानं २ आणि ७, म्हणून १४ ने. ७०५६ हा ८४ चा वर्ग. अपूर्णांकाचं दशांश रूप संपणार का, तेही छेदाच्या झाडात दिसतं. अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात आणा. छेदात फक्त २ आणि ५ असतील तर संपतं. ८० मध्ये चार २ आणि एक ५, म्हणून १/८० = ०.०१२५, दशांश चिन्हानंतर चार अंक, मोठ्या घातांकाइतके. ८४ मध्ये ३ आणि ७ आहेत, म्हणून १/८४ संपत नाही.

१ ते १०० यांच्या गुणाकाराच्या शेवटी किती शून्यं येतात? २ ची पानं मुबलक असतात, मोजायचे फक्त ५. पाचाच्या पटी वीस, त्यातल्या २५, ५०, ७५ आणि १०० मध्ये एकेक ५ जास्तीचा. एकूण २४ शून्यं.

संख्या खूप मोठी असेल तर

फर्माला वाटलं होतं की २ चा बत्तिसावा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही मूळ संख्या आहे. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडली. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यावर १ उरायला हवा, हे त्याने पुढे सिद्धही केलं. ती चाळणी लावली की उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

संगणकाच्या बाबतीत कष्टांचा हिशेब उलटतो. कागदावर फांदी फोडणं सोपं आणि पान सिद्ध करणं जड. संगणकाला एखादी शेकडो अंकी संख्या मूळ आहे की नाही हे झटक्यात सांगता येतं. ही तपासणी खात्रीने आणि बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी वेळ आवाक्यात राहील अशी, करणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण तशीच संख्या संयुक्त आहे हे कळल्यावर तिच्या दोन फांद्या शोधणं मात्र अतोनात अवघड. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या, १२५ अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार, २०२० मध्ये फुटली. संगणकाच्या एकाच गाभ्यावर (प्रोसेसरच्या एका कोअरवर) काम केलं असतं तर त्याला सुमारे २७०० वर्षं लागली असती. एका फोडीचं झाड, दोन पानं.

सरावासाठी काही संख्या, प्रत्येकीत एकेक अडथळा मुद्दाम ठेवलेला. १३०९ मध्ये ७ काढल्यावर उरणारी संख्या वरच्या दहांच्या यादीत आहे. २४३१ ला ११ पासून सुरुवात करावी लागते. ४१९९ मध्ये ११ सुद्धा नाही, पण २२१ भेटते. १७६३ ला भागत बसू नका, ४२ चा वर्ग पाहा. ५०४० झटपट फुटते, पण त्यात चार २ आहेत आणि एक हटकून हरवतो. ९९७ ला ३१ पर्यंत जा.

उत्तरं: ७ × ११ × १७, ११ × १३ × १७, १३ × १७ × १९, ४१ × ४३, २ × २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७, आणि ९९७ मूळ आहे.